नाल ठोकणाऱ्याची पहिली स्वारी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या माथ्यावर एक लहानसं राज्य होतं. तिथे चाकाची गाडी चढत नसे, सगळा कारभार घोड्यांच्या पाठीवर चाले. म्हणूनच त्या राज्यात घोड्यांना नाल ठोकायला शिकवणारी एक शाळा होती.

शाळेचे वस्ताद म्हातारे होते. खूर कसा तासायचा, नाल तापवून खुराच्या मापाची कशी करायची, हे ते शिकवत. पण सगळ्यात जास्त ते ऐकायला शिकवत. खुराची कड नखासारखी टणक असते. खिळा तिच्यातून गेला तर टणटण वाजतो आणि घोड्याला काही कळतही नाही. तोच खिळा आतल्या जिवंत मांसाकडे वळला तर आवाज बद्द येतो. असा खिळा तिथल्या तिथे उपटायचा, भोक धुवायचं आणि घोड्याच्या धन्याला तसं सांगायचं, असा शाळेचा नियम होता.

शिवाय एक रीतही होती. ज्याने नाल ठोकली, त्यानेच आधी त्या घोड्यावर बसून डोंगराची उतरण उतरायची. मगच घोडा धन्याच्या हाती द्यायचा.

वस्तादांचा एक शिष्य फार हुशार होता. त्याने ठोकलेली नाल इतकी देखणी असे की घोड्यांना पैंजण घातलेत असं लोक म्हणत. वस्तादांना मूलबाळ नव्हतं, त्यांचा या पोरावर जीव होता. आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवायला गाव होतंच.

एकदा राजा स्वतः शाळेत आला. त्याला आपल्या पागेसाठी नालबंद हवा होता. सगळ्यांनी या शिष्याकडे बोट दाखवलं. राजाने आपली पांढरी घोडी पुढे केली.

शिष्याने घोडीचा पुढचा पाय मांडीत धरला. खिळे भराभर जाऊ लागले. शेवटचा खिळा मात्र पहिल्याच घावाला बद्द वाजला. जमलेल्या गर्दीच्या गलक्यात तो आवाज फक्त शिष्यालाच ऐकू आला. घोडीने कान मागे टाकले आणि पाय ओढला.

आता खिळा उपटायला कितीसा वेळ लागणार होता? पण समोर राजा उभा होता. शिष्याने हसून सांगितलं की घोडी गर्दीला बुजली आहे. मग त्याने खिळा पुरता ठोकला आणि वर आलेलं टोक वळवून टाकलं. घोड्यांना बोलता येतं अशा गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. ही घोडी मुकी होती, म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

सपाट अंगणात घोडी नीट चालली. राजा खूश झाला. आता रीतीप्रमाणे उतरण उतरून ये, पागा तुझीच, असं तो म्हणाला.

शिष्याचा चेहरा उतरला. त्याची कंबर एकाएकी दुखू लागली. राजाने एका शिपायाला बसायला सांगितलं, तेव्हा वस्ताद पुढे झाले. शिष्य नाही तर गुरू बसेल, पण शाळेची रीत मोडायची नाही, असं त्यांनी सांगितलं.

"माझ्या पोराने ठोकलेली नाल आहे, महाराज," ते म्हणाले. "डोळे मिटून उतरेन."

आता तरी तो बोलेल, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. तो पुढे आलासुद्धा. पण त्याने खाली वाकून म्हाताऱ्या गुरूचा पाय आपल्या हाताने रिकिबीत ठेवला, आणि तो बाजूला झाला. सांगतानासुद्धा माझ्या अंगावर काटा येतो.

उतरण लागली. घोडीचा सगळा भार पुढच्या पायांवर आला आणि खिळा आत रुतला. ती किंचाळून कोसळली. वस्तादांचा उजवा हात तिच्या खांद्याखाली, दगडावर चिरडला.

लोक धावले. वस्तादांना झाडाला टेकवून बसवलं. आधी घोडीची नाल काढा, तिला दुखतंय, एवढंच ते म्हणत होते. नाल काढली. शेवटच्या खिळ्याला रक्त होतं. त्यांनी तो खिळा पाहिला, मग शिष्याकडे पाहिलं.

"कितव्या घावाला कळलं तुला?"

"पहिल्याच," शिष्य म्हणाला.

चूक तर कुणाच्याही हातून होते, पण हा सगळं माहीत असून गप्प राहिला होता.

"म्हणजे माझा पाय रिकिबीत ठेवलास, तेव्हाही तुला ठाऊक होतं," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मारायचा हात आता उचललाच जात नव्हता.

घोडी महिनाभराने चालू लागली. वस्तादांच्या हाताला पुन्हा हातोडा धरता आला नाही. राजाने शिष्याला पागा दिली नाही, आणि राज्यातल्या कुणीही आपला घोडा त्याच्यापुढे कधी उभा केला नाही. तो शाळेतच राहिला आणि जन्मभर इतरांच्या भट्टीचा भाता ओढत राहिला. वस्तादांनी त्याला हाकललं नाही, पण 'माझं पोर' असं ते त्याला पुन्हा कधीच म्हणाले नाहीत.

तात्पर्य : चूक वेळीच कबूल केली तर घडीभर मान खाली जाते, आणि लपवली तर ती आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याच्या जिवावर बेतते.