करंजाची हाक

झाडं अजून बोलत होती तेव्हाची ही गोष्ट. बैलबाजारातल्या करंजावर अळ्या पडल्या. तो थरथरला. "सावली गेली, तर माणसं माझं सरपण करतील!"

शेजारचा वड म्हणाला, "धीर धर. पानं पुन्हा फुटतात. तुझ्या फांद्यांवरचे कोळी, गांधीलमाश्या अळ्यांवरच जगतात."

पण भेदरलेल्या करंजानं फवारणीच्या पंपाला हाक मारली.

पंप म्हणाला, "माझ्या विषाला अळी कोण, कोळी कोण, कळत नाही. फवारू?"

"फवार!"

सकाळी झाडाखाली सगळ्यांचाच सडा पडला होता.

पुढं नवी पालवी फुटली. एका कोवळ्या पानामागं काहीतरी वळवळलं. करंजानं कोळ्यांना, गांधीलमाश्यांना जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. एकही जाळं हललं नाही.

"ओरडू नकोस," पानामागून अळी म्हणाली. "आता इथं आपण दोघंच आहोत."