पेठेबाहेरचा पास

एकदा एका हायस्कूलचा तरुण क्रीडाशिक्षक आपल्या जुन्या वस्तादांकडे रडकुंडीला येऊन बसला. वस्तादांनी चाळीस वर्षे वरच्या पेठेतल्या लहानग्यांना फुटबॉल शिकवला होता. हा त्यांचाच शिष्य.

"वस्ताद, औंदा पहिल्याच फेरीत हरलो तर संघ बंद करायचा म्हणालेत मुख्याध्यापक. पोरं एकाहून एक सरस हायती. पण वरच्या पेठेतला खालच्या पेठेतल्याला पास द्यायचा न्हाई, खालचा वरच्याला न्हाई. समोर गोल मोकळा असला तरी!"

दोन्ही पेठांत लहान मुलांचा सराव आपापल्या मैदानावर चाले, आणि आठवीत गेली की ही सगळी मुले त्याच एका हायस्कुलात येत. इतकी वर्षे एकमेकांना पाण्यात पाहिलेली मुले एका रंगाची जर्सी घातली की जिवलग होतील, हे मानणे निव्वळ भाबडेपणाचे. आपल्या शिक्षकाने तेच मानले होते.

"रविवारी सकाळी ये," वस्ताद म्हणाले.

आठवीत येऊ घातलेली दोन-चार चांगली पोरे पदरात पडतील, या आशेने तो गेला. पाहतो तर काय, वस्तादांनी निम्मी पोरे खालच्या पेठेच्या मैदानावर धाडली होती, सोडायला गेले होते त्यांचे थोरले भाऊ, शिक्षकाच्याच संघातले. तेवढीच पोरे तिकडून इकडे आली होती. वस्ताद आणि खालच्या पेठेचे म्हातारे प्रशिक्षक, दोघांनी हे आधीच ठरवले होते. पेठेत नुसता गहजब उडाला.

शिक्षकही संतापला. "मी संघ वाचवायला आलो, वस्ताद, आणि तुम्ही होती ती पोरं वाटून टाकलीत!"

वस्ताद शांतपणे म्हणाले, "आरं, पोरगं किती पळतंय, किती जोरात मारतंय, एवढंच तू बघतोस. पण त्याच्यासंगं आम्ही घातलेली अढी बी तुझ्या शाळेत येती. आठव्या वर्षी ती आम्ही शिकवायची, आणि तेराव्या वर्षी तू पुसायची? चूक माझी हाय. मी खेळायला शिकवलं म्हणतो, पर शिकवलं ते खालच्या पेठेला हरवायला. दुरुस्ती बी मलाच करायला पायजे."

"पण ही पोरं माझ्याकडं यायला पाच वर्सं हायती!"

"मग तवर त्यांचे भाऊ बघ जा."

शिक्षक खालच्या पेठेच्या मैदानावर गेला. त्याच्या संघातला वरच्या पेठेचा दांडगा बचावपटू हाताची घडी घालून रेषेबाहेर उभा होता. शेजारी खालच्या पेठेचा आघाडीचा खेळाडू. दोन वर्षे एका संघात राहून दोघांत शब्द नव्हता. बचावपटूच्या धाकट्या भावापाशी चेंडू आला; पोर घुटमळले.

"आरं दे की त्याला! मोकळा हाय तो!" बचावपटू ओरडला.

पोराने पास दिला. खालच्या पेठेच्या चिमुरड्याने गोल मारला, आणि दोघे चिमुरडे एकमेकांच्या गळ्यात पडले.

"भाऊ चांगला देतो रं तुझा," आघाडीचा खेळाडू म्हणाला. "आणि तू?"

बचावपटूने मान खाली घातली. मग त्याला हसू आले.

त्या वर्षी संघ पहिली फेरी जिंकला, दुसरीत हरला, पण टिकला. शिक्षक आता दर रविवारी वस्तादांच्या हाताखाली लहानग्यांना शिकवायला जातो. आपला संघ शाळेत पाऊल टाकण्याआधीच घडू लागतो, हे त्याला आता कुणी सांगायची गरज उरलेली नाही.