नीलगायीचा खडा

सातपुड्यातल्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. अंगावर जसे काटे, तसे त्याचे बोलणेही टोचणारे. पण मनात एक आणि ओठांवर दुसरे, असे त्याचे कधी नसे. त्या जंगलात उन्हाळा लागण्याआधी सारे प्राणी मोहाच्या झाडाखाली जमत आणि पाणवठ्याचा राखणदार निवडत. ज्याला जो हवा, त्याच्यापुढे त्याने एक खडा टाकायचा, अशी रीत होती. त्या वर्षी कोल्हा आणि पाणमांजर असे दोघे उभे होते. "लहान प्राणी आधी पाणी पितील, मोठे मागून," असे कोल्ह्याने जाहीर केले होते. मोठ्यांच्या खुरांखाली कितीदा तरी सापडता सापडता वाचलेल्या साळिंदराला ते अगदी पटले होते.

नीलगाय खडा घेऊन पुढे आली, तेव्हा कोल्ह्याने तिला अडवले. ही थोराड अंगाची, आपल्याला मत देणार नाही, हे तो ओळखून होता. "नीलगायबाई, तुम्ही मूळच्या डोंगरापलीकडच्या," तो म्हणाला. "पाहुण्यांनी पाणी प्यावे. राखणदार निवडणे हे इथे जन्मलेल्यांचे काम."

नीलगाय म्हणाली, "आमचे रान वणव्यात जळाले, तेव्हा मी पाहुणी म्हणून आले, हे खरे. पण पुढे याच झाडाखाली मी शपथ घेतली, की या रानाचे नियम ते माझे नियम. तुम्ही सर्वांनी मला आपली म्हटलेत. त्या दिवसापासून मी पाहुणी नाही."

मग ससा हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी हिने वाघाची चाहूल दिली, म्हणून आपण वाचलो. तेवढ्यासाठी तरी टाकू द्या तिला खडा."

"नको, ससोबा," नीलगाय म्हणाली. "उपकाराची फेड म्हणून नको. तो हक्क माझा आहे, म्हणून हवा."

तेवढ्यात साळिंदर पुढे आले. कोल्ह्याला वाटले, हे आपल्याच बाजूने बोलणार. पण मुलांनो, साळिंदर म्हणाले, "कोल्होबा, माझा खडा तुम्हालाच आहे. हिला आपल्यात घ्यायच्या वेळी मी 'नको' म्हटले होते, तेही सर्वांना आठवत असेल. पण सभेने घेतले, म्हणजे घेतले. दिलेला शब्द अडचणीचा झाला म्हणून मागे घेता येत नाही. आज हिचा खडा काढून घेतलात, तर उद्या माझा काढायलाही तुम्हाला कारण सापडेल."

सभेचा प्रमुख असलेल्या म्हाताऱ्या गव्याने मान डोलावली. "नीलगायबाई, टाका तुमचा खडा."

नीलगायीने तो पाणमांजरापुढे टाकला, आणि अवघ्या एका खड्याच्या फरकाने पाणमांजर निवडून आले. "तुझ्यामुळे हरलो मी," कोल्हा साळिंदराला म्हणाला.

"पुढच्या वर्षी तिलाही पटेल असे काही बोला," साळिंदर म्हणाले. "मत मिळवायची वाट तीच."

त्या उन्हाळ्यात साळिंदराला मोठ्यांच्या पायांमधूनच पाण्यापर्यंत जावे लागले. पण आपल्या बोलण्याचा त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही.

तात्पर्य : शपथ देऊन ज्याला आपले म्हटले, त्याचा हक्क जन्माने मिळालेल्या हक्काइतकाच पक्का असतो, आणि तो आपल्याविरुद्ध वापरला जाणार असला, तरी तो जपण्यातच सर्वांच्या हक्कांची राखण असते.