पवळाची पावलं

एकदा काय झालं, एक होतं कोष्ट्यांचं गाव. घराघरांत माग. दिवसभर धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, खटक खटक. बसाल तिथे सूत, उठाल तिथे सूत. चुलीपाशी सूत, पाळण्याखाली सूत. आणि तिथली रीत अशी, की सुताला पाय लावायचा नाही. चुकून लागलाच तर वाकून हात लावायचा, नमस्कार करायचा. म्हणून त्या गावात दिवसभर एकच ओरडा चालायचा, "अगं पाय! अरे सूत!" ध्यानात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

त्या गावात राहायची सगुणा. तिचा नवरा म्हाळोजी, हाताचा मोठा कसबी. त्यांना एक लेक, पवळा. गोरी, गुटगुटीत, गालाला खळी. बोबडं बोलायची, टाळ्या वाजवायची. पण चालायची नाही बाई! शेजारची तिच्या मागून जन्मलेली पोरं अंगणात धावायला लागली, आणि ही आपली बसल्या जागी. उभी करायला जावं, तर दोन्ही पाय पोटाशी घ्यायची, कासवासारखे.

बायका यायच्या, पवळाच्या पायांकडे बघायच्या, मग सगुणाकडे बघायच्या आणि "होईल हो" म्हणून निघून जायच्या. ते "होईल हो" तिच्या काळजात सुईसारखं बसायचं. माझं लेकरू चालणारच नाही की काय?

मग तिनं काय केलं, तिळाचं तेल कोमट करून रोज पाय चोळले. पाय लोण्यासारखे मऊ झाले, पण टेकले काही नाहीत. मग सुताराकडून पांगुळगाडा करून आणला. लाल रंगाचा, तीन चाकांचा. पवळा त्याच्या दांडीला लोंबकळली, पाय वर घेऊन! मग सगुणा गेली देवीच्या देवळात. "आई, लेक चालू दे, तुला चांदीची पावलं वाहीन." देवी नुसती बघत राहिली.

अशात राजवाड्यातून रेशीम आलं. राजकन्येचं लग्न ठरलेलं, आणि राणीसाहेबांना नेसायला शालू हवा होता. म्हाळोजीनं अंगणात खुंट्या ठोकल्या आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर लांबच्या लांब ताणा, म्हणजे शालूचे उभे धागे, पसरला. हिरवं रेशीम. वाऱ्यानं हललं की भाताचं खाचर हलल्यागत दिसायचं. म्हाळोजीनं सगळ्यांना दम भरला, "याला कुणाची सावलीसुद्धा लागता कामा नये."

सगुणा अंगणाच्या कडेला भांडी घासत होती. सहज मान वर केली, तर काय! दारात पवळा उभी. उभी, बरं का! आणि एक पाय पुढे, मग दुसरा पाय पुढे. सगुणाच्या हातातलं तपेलं गळून पडलं. "अगं बाई, चालली! माझी पवळा चालली!" ती धावली, आणि थबकली. पवळाच्या पायाखाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण बोटभर खाली. पाय आणि जमीन यांच्यामधून एक मुंगी आरामात निघून गेली.

सगुणानं लेकीला उचललं आणि म्हाळोजीला सांगितलं. तो हसला. "तुला भास झाला." दुसऱ्या दिवशी पवळा वीतभर वरून चालली. या वेळी म्हाळोजीनं पाहिलं आणि मटकन खालीच बसला.

आणि तिसऱ्या दिवशी... अरे, पांघरूण काय चावतोस? ऐक. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. पवळा ओसरीवरून निघाली ती सरळ अंगणावर. ताण्याच्या वर. आधी कमरेइतकी उंच, मग डोक्याइतकी, मग चिंचेच्या फांदीइतकी! खुदुखुदु हसत होती. सगुणानं उड्या मारल्या, हात पोचेना. म्हाळोजी शिडी आणायला धावला. सगळं गाव गोळा झालं. कुणी कपाळावर हात मारला, कुणी देवाचा धावा केला. आणखी एक झुळूक आली असती, तर पोर ढगात गेली असती.

"पवळे, खाली ये!" सगुणा रडत ओरडली. "पाय टेक गं माझ्या राजा!"

पवळानं खाली रेशमाकडे बघितलं. जोरजोरानं मान हलवली. इवलेसे हात जोडले आणि म्हणाली, "शूत! पाय नाई! शूत!"

सगुणाला आठवलं. पवळानं पहिल्यांदा सुतावर पाय टेकला, तेव्हा कोण किंचाळलं होतं? ती स्वतः. दुसऱ्यांदा टेकला तेव्हा? म्हाळोजी. तिसऱ्यांदा तर सगळं घर ओरडलं होतं, "अगं पाय! सूत!" आणि त्या शहाण्या लेकरानं आईचं ऐकलं होतं. पाय टेकायचा नाही म्हणतात ना, मग नाही टेकायचा! चालायचं तर होतंच. मग ती न टेकता चालायला शिकली.

सगुणानं डोळे पुसले. पदर खोचला. आणि तिनं काय केलं असेल? राणीसाहेबांच्या ताण्यावर पाय दिला!

गाव हादरलं. "अगं, राजाचं रेशीम!" म्हाळोजी शिडीवरून ओरडला. तट तट धागे तुटले. सगुणानं दुसरा पाय दिला. वाकली नाही, नमस्कार केला नाही. वर बघून हसली. "बघ पवळे, आईनं पाय दिला. काही होत नाही गं."

पवळा बघत राहिली. मग हळूहळू खाली आली. अंगठा रेशमाला लागला, तसा तिनं झटकन वर घेतला आणि सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. पण कुणी ओरडलं नाही. अख्ख्या गावानं तोंडावर हात दाबले होते. म्हाळोजीनं तर मुंडाशाचा शेवच तोंडात कोंबला होता!

मग पवळानं पाऊल टेकलं. थप. मग दुसरं. थप. तुटक्या रेशमावरून धडपडत ती आली आणि आईच्या गळ्यात पडली. सगुणा हसत होती आणि रडतही होती.

राणीसाहेब तणतणत आल्या, पण सगळं ऐकून त्यांचा राग निवला. स्वतःच्या लेकीला आपण काय काय करू दिलं नाही, ते त्यांना आठवलं असेल. मग हळूच म्हणाल्या, "धागे गाठून घ्या. गाठी पदरावर येऊ देत, दिसू देत सगळ्यांना." लग्नात त्या तोच शालू नेसून मिरवल्या. देवीला चांदीची पावलं मिळाली. आणि पवळा? ती घरभर सूत तुडवत पळायची. लोक "अगं पा..." म्हणायचे आणि जीभ चावायचे. सगळे सुखात राहिले.

चला, आता पाय पांघरुणात घ्या. सकाळी उठलात की हवे तिथे टाका. माझ्या वाळवणातल्या कुरडयांवर पडलेच, तर ओरडेन मी. पण हळूच ओरडेन. झोपा आता.