जिंकोबाचा नैवेद्य

सात समुद्रांपलीकडच्या मुलखात जिंकोबा नावाचा देव होता, आणि त्याचे नखरे फार! भक्तीने दिलेलं त्याला चालत नसे. लढून हिसकावलेलं तेवढंच गोड लागे. दिलेल्या दाण्याला त्याच्या सैनिकाचा नुसता हात लागला, तरी देव विटाळायचा. म्हणून दर जत्रेला महापुजारी सैन्य घेऊन एखाद्या गावावर तुटून पडे आणि वर्षाचं धान्य नैवेद्याला उचलून नेई.

यंदा पाळी आली सांजवाडीची. गावात धड काठ्याही नव्हत्या. पण गावची कारभारीण चिमाक्का मोठी बेरकी. तिने वेशीचं दार सताड उघडलं, कोठारं मोकळी केली आणि आरतीचं ताट घेऊन सामोरी गेली.

"या महाराज! हे सगळं धान्य आम्ही राजीखुशीने दिलं."

सैनिकांनी पोत्यांवरचे हात चटका बसल्यासारखे मागे घेतले. महापुजारी किंचाळला, "बाई, दिलं म्हणू नकोस! लढा आमच्याशी!"

"कशाला? आपलं काही भांडण आहे का?"

ऊन कललं. नैवेद्याची वेळ टळायला आली, तसा महापुजाऱ्याचा आवाज मऊ झाला. त्याने चक्क हात जोडले. "आक्का, पाया पडतो. खोटा खोटा का होईना, एक दगड तरी मार!"

चिमाक्काने दगड उचलला. महापुजाऱ्याचा चेहरा खुलला. तिने तो दगड पदराने पुसला, त्याला हळदकुंकू लावलं आणि अदबीने पुढे धरला.

"घ्या. पण मागून मिळालेला दगड म्हणजे भिक्षाच की, महाराज. चालेल ना तुमच्या देवाला?"

त्या जत्रेत जिंकोबाला कडकडीत उपास घडला.