बाजेखालची शेगडी आणि दवपरी

निफाडला थंडी पडते ना, ती अशीतशी नाही हं! दातांवर दात वाजतात आणि नाकाचा शेंडा लालेलाल होतो. अशा थंडीत नऊ वर्षांची वेणू आईबरोबर तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहायची. घर कसलं, वाऱ्याचा रस्ताच तो! दाराखालून आत, खिडकीच्या फटीतून बाहेर. आणि त्या घरात होतं बारा दिवसांचं इवलंसं बाळ. त्याला सारखं हीव भरायचं. वेणूचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

गावाहून आलेली मावशी म्हणाली, "बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी हवीच. आपली रीतच आहे ती. वेणू, तू खालच्या बागेतून निर्गुडीचा पाला आण बरं."

बागेत कोवळं सोनेरी ऊन पसरलं होतं. शेवंतीच्या फुलांवर दवाचे मोती लुकलुकत होते. आणि एका पिवळ्या फुलात, अगंबाई, अंगठ्याएवढी परी! पंख दवाने चिकटलेले, अंग थरथरतंय. वेणूने आपला एकुलता एक रुमाल डोक्यावरून सोडला, तिला गुंडाळलं आणि हळूहळू ऊन ऊन फुंकर घातली. फुर्रर्र! गुलाबी, निळे, चंदेरी पंख उघडले.

"कित्ती गुणाची गं तू! मी दवपरी. दोन इच्छा माग," परी म्हणाली. "पण नवी वस्तू मिळायची नाही, घरात आहे त्यातूनच काय ते होईल. आणि भिंतीला खिळा ठोकणार नाही."

वेणू खुदकन हसली. "तो तर आमचे घरमालकही ठोकू देत नाहीत! दवपरी, आमच्या घरात वारा अजिबात शिरू देऊ नकोस."

परीने टिचकी वाजवली. तिला खांद्यावर घेऊन वेणू दोनदोन पायऱ्या चढत वर धावली. कधी एकदा बघते असं झालं होतं तिला! पाहते तर दाराबाहेर मावशी, हातात दुधाचं पातेलं.

"अगं, शेगडी ठेवली, खिडक्या लावल्या, दार ओढून दूध आणायला गेले. आता दार हलतच नाही!"

परीच्या जादूने जुन्या साड्यांची जाडजूड वळकटी आतून दाराला घट्ट बसली होती. आतून आईचा क्षीण आवाज आला, "वेणू... डोकं गरगरतंय गं... उठवत नाही मला."

परी पांढरीफटक पडली. "पेटते कोळसे आणि बंद घर! कोळशाची विषारी हवा डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. गावाकडे ती कौलांमधून निघून जायची. इथे आपणच सगळ्या फटी बुजवल्या!"

एकच इच्छा उरली होती. ती दार उघडण्यात खर्च केली की थंडी पुन्हा घरात. पण वेणू क्षणभरही थांबली नाही.

"माझी पहिली इच्छा परत घे! सगळं उघड! थंडी येऊ दे, मला माझी आई हवी, माझं बाळ हवं!"

धाडकन दार उघडलं, खिडक्या उघडल्या. गार वारा घोंगावत आत आला, आणि काय सांगू, इतका गोड तो कधीच लागला नव्हता! मावशीने शेगडी गच्चीवर नेली. आई आणि बाळाला बाहेर मोकळ्या हवेत आणलं. बाळ गप्प. आणि मग... ट्यांहां! ट्यांहां! वेणू हसत हसत रडू लागली. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना नीट तपासलं आणि सांगितलं, आता भीती नाही.

"माझीच अक्कल शेण खायला गेली होती गं," मावशीने डोळे पुसले.

परी वेणूच्या तळहातावर उतरली. "मागितलेलं आपणहून परत करणारी मुलगी मी आजच पाहिली. आता घे, न मागता देते!"

ट्रंकेतून लाल, हिरव्या, जांभळ्या साड्या तरंगत बाहेर आल्या. सुई टुकटुक नाचली आणि सात थरांची मऊमऊ गोधडी झाली! दुसरी गोधडी खिडकीच्या गजांना दोरीने बांधली गेली. वरची छोटी झडप मात्र परीने उघडीच ठेवली. "हवेला वाट हवीच हं," ती म्हणाली. मग ती उन्हाच्या तिरिपेत शिरली, झगमगली, आणखी झगमगली, आणि नुसता सोनेरी उजेड उरला.

आईच्या कुशीत बाळ, बाळाला बिलगून वेणू, वर गोधडी. थोड्या वेळाने गोधडी हलली. परत हलली. बाळ दणादण लाथा झाडत होतं!

"अगं, काढा ती गोधडी!" मावशी आनंदाने ओरडली. "आमच्या राजाला उकडतंय!"