सखूचं जांभूळ

घाटाखालच्या एका गावात केरोबा नावाचा कुंभार राहत होता. त्याच्या अंगणात त्याच्या बायकोनं, सखूनं, लावलेलं जांभळाचं झाड होतं. दर ज्येष्ठात सखू आळीतल्या पोरांना ओंजळ ओंजळ जांभळं वाटायची. मग जिभा दाखवायची शर्यत लागे. ज्याची जीभ सर्वांत जांभळी, त्याला आणखी एक ओंजळ!

सखू गेली. केरोबानं झाडाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. "तिच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. दोन वर्षं जांभळं पिकली, पडली आणि तिथंच कुजली.

तिसऱ्या वर्षी त्याची लेक मंजुळा तापानं अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. चेहरा पांढराफटक. घासभर भातही जाईना. केरोबानं झाडपाल्याची औषधं देणाऱ्या गोदाक्काला बोलावलं. तिनं मधाचं बोट मंजुळेच्या जिभेला लावलं. पोरीनं ओठ चाटले.

"आता हिला जांभळं दे. त्या काळ्या सालीत अन् गरात मोठी ताकद असते."

"बाजारातून आणतो, गोदाक्का."

"दारात झाड अन् बाजारात धाव? अरे, आत्ता चाटवला तो मध कुठला? चैत्रात तुझ्याच झाडाच्या फुलांवरून माश्यांनी नेलेला. त्यांना तुझे काटे आडवे आले नाहीत, म्हणून तर फळ धरलं. तूच एक शहाणा, राखण करून कुजवतोस!"

केरोबा उठून कुंपणापाशी गेला. एकेक काटा ओढून काढू लागला. बोटांतून रक्त आलं, तरी थांबला नाही. परडीभर जांभळं त्यानं लेकीपुढे ठेवली.

मंजुळेनं मान हलवली. "एकटी नाही खाणार. शर्यत कुणाशी लावू?"

केरोबानं तिला परडीसकट अंगणात आणून बसवलं आणि आळीला हाक घातली. पोरं धावत आली. मंजुळेनं एक जांभूळ तोंडात टाकलं, मग दुसरं, मग परडीच मांडीवर ओढली. शेवटी सगळ्या जिभा बाहेर आल्या. बोळक्या तोंडाची गोदाक्का पंच झाली.

"आबा, तुमची?" मंजुळेनं विचारलं.

केरोबानं हळूच जीभ दाखवली. ती सर्वांत जांभळी होती.

"लबाडा! झाडाखालीच खाऊन आलास की!" गोदाक्का ओरडली. अंगणात हशा उसळला. त्यात सखू गेल्यापासून प्रथमच केरोबाचं हसू होतं.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची आठवण कुंपणात राखली तर कुजते, वाटली तर दरवर्षी फळते.